मातीच्या डोक्याची अंघोळ

जर्मनीत ब्योबलिंगेनला आमच्या खालच्या मजल्यावर ऐंशी ओलांडलेल्या एक जर्मन आजी राहायच्या. कॅन्सर हाडांपर्यंत पोचला होता. एकदा त्यांनी मला कॉफीला बोलावलं आणि नारळाएवढं भाजक्या मातीचं एक डोकं माझ्यापुढे ठेवलं. नायजेरियात रस्ते बांधायच्या नोकरीवर असताना त्यांच्या नवऱ्याने ते आणलं होतं. डोळ्यांच्या जागी आरपार भोकं, अर्धवट उघडे ओठ, केसांचे नीट वळलेले अंबाडे, आणि मानेखाली काहीच नाही.

अशी डोकी दोन हजार वर्षांपूर्वीची असू शकतात. ती पूर्वजांची होती की देवांची, मुद्दाम फोडली की आपोआप फुटली, कुणालाच ठाऊक नाही. काही थडग्यांजवळ सापडली, एवढं मी वाचलं होतं. आजींनीही ते कुठेतरी ऐकलं होतं.

“आल्झो, म्हणजे असं, तुम्ही मातीवर संशोधन करता,” त्या म्हणाल्या. “हे कुणाच्या थडग्यातून काढलंय का, तेवढं सांगा. तसं असेल तर मी ते परत पाठवीन. माझा मुलगा नाही पाठवणार.”

डोक्याच्या पोकळीत तिथलीच माती घट्ट बसलेली होती. हाडं विरघळून गेली तरी मातीत त्यांचं फॉस्फेट उरतं, ते तपासता आलं असतं. मी डोकं टॉवेलात गुंडाळून घरी आणलं, जेवणाच्या टेबलावर ठेवलं आणि नमुन्याच्या डब्या आणायला लॅबमध्ये गेलो. पुण्याहून आलेली आई घरातच होती. तिला काही सांगून जावं, हे माझ्या टाळक्यात आलं नाही.

परतलो तर डोकं पाटावर, कपाळाला गंध, समोर साखरेची वाटी. मी आत बोट घातलं. पोकळी लख्ख.

“अरे, कुठला का देव असेना, घरात आलेला असा मळका ठेवतोस?” आई म्हणाली. “दुधापाण्याने अंघोळ घातली. आत केवढी माती! विणायच्या सुईने काढली.”

“कुठे टाकलीस?”

“टाकीन कशाला? देवाचं पाणी ते. तुळशीला घातलं.”

तुळशीच्या कुंडीत दुकानातली खत घातलेली माती होती. मी जे फॉस्फेट शोधणार होतो, तेच त्या खतात ठासून भरलेलं. मी आईवर इतका ओरडलो की ती आतल्या खोलीत जाऊन बसली आणि जेवलीही नाही. खरं तर चूक माझीच होती, आणि ते कळत असल्यामुळेच मी जास्त ओरडलो.

तीन दिवस मी आजींना टाळलं. चौथ्या दिवशी खरं सांगायचं ठरवून डोकं घेऊन गेलो. त्यांना मॉर्फिन सुरू झालं होतं.

“थडगं?” त्यांनी विचारलं.

“नाही,” माझ्या तोंडून निघून गेलं. “साधी शेतातली माती आहे.”

“शेतातली?”

“गेनाऊ, अगदी बरोबर. शेतातली.”

त्या रडायला लागल्या. नवऱ्याला आपण इतकी वर्षं मनातल्या मनात चोर ठरवत होतो, म्हणाल्या. मग मला तसं लिहून द्यायला सांगितलं. मी लिहून दिलं, खाली सहीही केली. मला स्वतःची किळस आली, पण हात थांबला नाही.

दोन आठवड्यांनी त्या गेल्या. मुलगा ड्युसेलडॉर्फहून आला. डोकं गाडीत ठेवल्यावर त्याने माझा हात हातात घेऊन आभार मानले. तुमच्या कागदामुळे आता ते घरी निर्धास्तपणे ठेवता येईल, म्हणाला. मी “हो, हो” म्हणत राहिलो. त्या घरात ते परत पाठवायला तयार असलेलं एकच माणूस होतं, आणि त्याला मी समाधानाने मरू दिलं.