हॅलोकाकांचं हौतात्म्य

हॅलोकाका शहीद झाले ते सकाळच्या चहाला, स्वतःच्या दुकानात, कुणाचा तरी जळका मिक्सर उघडून बसलेले असताना. बातमी घेऊन सिनेमाचा लेखक आला होता. बिचाऱ्याचा चेहरा पेढे वाटायला आल्यासारखा फुललेला.

"काका, तुम्हाला मारतोय," तो म्हणाला. "पण काय मरण दिलंय म्हणून सांगू. थिएटरात एक डोळा कोरडा राहणार नाही."

काकांच्या हातातला स्क्रू टेबलाखाली गेला तो गेलाच. देवानं तारलं त्याला कोण मारणार, असं म्हणतात लोक. म्हणणाऱ्यांनी हिंदी सिनेमावाले बघितलेले नसतात.

आता हे हॅलोकाका कोण, ते सांगायला हवं. तरुणपणी सैन्यात वायरलेसवर होते. नोकरी संपली, पण तोंडातलं हॅलो सुटलं नाही. दार वाजलं तरी हॅलो, बायकोनं हाक मारली तरी हॅलो. आता मिक्सर, पंखे, इस्त्र्या दुरुस्त करतात. माणूस गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात. पण एकदा लढाईत सापडला होता खरा.

डोंगरावरच्या एका चौकीवर मूठभर लोक अडकले होते. वायरलेसची बॅटरी संपलेली. खालून हुकूम सुटला होता, चौकी सोडा आणि उतरा. तो यांना पोचलाच नाही, म्हणून हे वरच राहिले, आणि हे राहिले म्हणून चौकीही राहिली. पुढे लोक यालाच शौर्य म्हणाले. काका मात्र विचारलं की सांगायचे, बॅटरी चालू असती तर आम्ही पहिल्या हाकेला उतरलो असतो. खोटं बोलायची अक्कल नाही, दुसरं काय.

त्या चौकीवर त्यांचा जिवलग होता ढांग्या. चालताना एवढ्या लांब ढांगा टाकायचा की बरोबरच्यानं पळावं. पाणी संपलं तेव्हा हाच गडी बाटल्या गळ्यात अडकवून ओढ्यावर उतरला. बाटल्या एकमेकींवर आपटून वाजू नयेत म्हणून त्यानं पायातले मोजे काढून बाटल्यांना चढवले आणि त्या थंडीत बूट तसेच उघड्या पायांवर घातले. मोजे त्याच्या थोरल्या बहिणीनं विणलेले, राखाडी लोकर कमी पडली म्हणून टाचा पिवळ्या. परत येताना शेवटच्या चढावर त्याला गोळी लागली. काका सरपटत गेले आणि बाटल्या घेऊन आले. ढांग्याला आणता आलं नाही. त्या पाण्यावर बाकीचे जगले, काकाही त्यातलेच.

ही बहीण, म्हणजे ताई, काकांच्या दुकानामागच्याच गल्लीत राहते, लोकांचे कपडे शिवते. एकटीच. सिनेमावाले पहिल्यांदा येऊन गेले, त्यांनी काकांचं सगळं रेकॉर्ड करून नेलं, तेव्हा काका दुकान उघडं टाकून तिच्याकडे धावले होते. म्हणाले, ताई, ढांग्या पडद्यावर येणार, मी शब्द देतो. कुणी सांगितलं होतं शब्द द्यायला? पण दिला. ताईनं कित्येक वर्षं टाळलेलं मोतीबिंदूचं ऑपरेशन त्या आनंदात उरकून घेतलं. म्हणाली, त्याला बघायचं तर नीट बघू दे.

आणि आता हा लेखक सांगत होता, दोन मित्र दाखवले की प्रेक्षक गोंधळतो, म्हणून दोघांचा मिळून एक केलाय. नाव हॅलो, मरण ढांग्याचं.

"मग ढांग्या?"

"ते पात्र गाळलं."

"अहो, पण मी जिवंत आहे."

"काका, सत्याचा आधार घेतलाय," लेखक समजुतीनं म्हणाला, "त्याला कडेवर नाही घेतलं."

घरी बायकोला सांगितलं तर ती पदराआड हसायला लागली. म्हणाली, शहीद झालात तर झालात, सिलेंडर तेवढा आत आणून ठेवा. मग तिला कळलं की सिनेमात काकांची एक बायकोही आहे, निरोपाच्या वेळी स्टेशनावर नाचते. यांचं लग्न लढाईनंतर सहा वर्षांनी झालेलं. ती टवळी कोण, यावरून घरात जे युद्ध पेटलं त्याच्यावर कुणी सिनेमा काढत नाही.

काका मात्र हटले नाहीत. दुकानाला कुलूप लावून शूटिंगवर हेलपाटे घालायला लागले. एका बंद पडलेल्या दगडाच्या खाणीत रणभूमी उभी केली होती. कापसाचा बर्फ, सावलीला छत्र्या, आणि काकांचं काम करणारा नट, ज्याचा एकेक दंड काकांच्या मांडीएवढा. उपाशी चौकीवर ही तब्येत कशी राहिली, हे विचारायचं नसतं. नटानं काकांना जवळ बसवून विचारलं, त्या क्षणी मनात काय होतं? काका म्हणाले, थंडी वाजत होती. नट म्हणाला, नाही, अगदी आत, खोलवर? काकांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं आणि म्हणाले, आतही वाजत होती.

दिग्दर्शकाच्या तर त्यांनी विनवण्या केल्या. ढांग्याचं नुसतं नाव घ्या, कोपऱ्यात उभा करा, पाठमोरा दाखवा. साहेब प्रत्येक वेळी हात जोडायचे आणि नंतर बघू म्हणायचे. त्यांनी काय बघितलं, तर पाण्याचा प्रसंगच लांबतोय, कापून टाकू. त्याऐवजी हॅलो बंद पडलेल्या वायरलेसवरून पान-दीड पान भाषण ठोकतो. हिंदीत. बॅटरी नसताना. काका त्या दिवशी घरी जेवले नाहीत.

पण पाण्याचा प्रसंग वाचला. सत्यामुळे वाचला असेल असं कुणाला वाटत असेल तर तो भाबडा. सिनेमात पैसा घालायला एक मोज्यांची कंपनी आली. मग काय विचारता, बाटल्यांवरचे मोजे एकदम महत्त्वाचे झाले. कापलेला प्रसंग परत चिकटवला, वर लांबवला. नवे कोरे, घट्ट विणीचे मोजे पडदाभर दिसतील अशी सोय झाली. ढांग्या गेला होता पाण्यासाठी, हे बापडे त्याच्या जिवावर मोजे विकणार. आयजीच्या जिवावर बायजी उदार.

शेवटी साहेबांच्या माणसानं काकांना बाजूला घेऊन विनंती केली. पेपरवाल्यांसमोर येऊ नका, शहीद चहा पिताना दिसला तर बरं दिसत नाही.

हे सगळं ताईला सांगायचं होतं. काका चार वेळा तिच्या दारात गेले. एकदा तिची इस्त्री दुरुस्त करून आले, एकदा शिलाई मशीनला तेल घालून आले. शब्द ओठांपर्यंत यायचा आणि ती म्हणायची, नव्या डोळ्यानं सुईत दोरा पहिल्या फटक्यात जातो रे. काका परत फिरायचे.

सिनेमाच्या पहिल्या खेळाच्या दिवशी ती इस्त्रीची साडी नेसून त्यांच्याशेजारी बसली. पलीकडे काकू. पडद्यावर हॅलो गर्जला, हॅलोची बायको नाचली, काकूंनी नाक उडवलं. ताई दर नव्या शिपायाकडे पुढे वाकून बघायची. मग पाणी संपलं. हॅलोनं बाटल्या गळ्यात अडकवल्या, बूट काढले, मोजे काढले. ताईनं काकांचं मनगट धरलं. हॅलो उतरला, पाणी भरलं, चढाला लागला आणि पडला. थिएटरात हुंदके फुटले. काकांना मान वर करवेना. त्यांना तिची भीती वाटत होती, गोळ्यांची वाटली नव्हती तेवढी.

दिवे लागले. मंचावर साहेब आले, डोळे पुसले, म्हणाले, शहीद हॅलोच्या स्मृतीसाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या. सगळं थिएटर उठलं. काकाही उठले. स्वतःसाठी मान खाली घालून उभे राहिले, आणि मग त्यांच्याच्यानं राहवेना.

"हॅलो," ते म्हणाले. शांततेत ते लांबवर गेलं. "मी मेलो नाही. तो ढांग्या होता. पाणी त्यानं आणलं. मी फक्त प्यायलो."

मागच्या रांगेतला एक जण पुढे वाकला. "आजोबा, श्श. शहिदाचा जरा तरी मान ठेवा."

सगळ्या थिएटरातून श्श, श्श उठलं. काकांच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं. तेव्हा ताईनं त्यांचा हात ओढून त्यांना खाली बसवलं. ती उठलीच नव्हती.

"कशाला ओरडतोस? पाण्याला निघाला तेव्हाच ओळखलं मी," ती म्हणाली. "तुझं नाव लावलं म्हणून काय झालं? माझा भाऊ मला कळत नाही होय?"

काका म्हणाले, मी शब्द दिला होता. लोक बसायला लागले, टाळ्या सुरू झाल्या. तिनं चष्मा काढला, पदरानं पुसला आणि परत घातला.

"मोजे तेवढे माझे नव्हते," ती म्हणाली. "माझ्या मोज्यांच्या टाचा पिवळ्या होत्या. सांगायचं होतंस त्यांना, मी विणून दिले असते."