बायोडेटातला गोरा चेहरा

जेसल पार्कच्या फोटो स्टुडिओत, कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर माझा चेहरा गोरा होत होता. लग्नाचा बायोडेटा त्याच संध्याकाळी समाजाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर जायचा होता.

"मॅडम, सब लडकियां करवाती हैं," फोटोवाला म्हणाला.

"सीरियलमधल्या सुना बघतेस ना, कशा दिसतात!" आई मला म्हणाली. मग त्याला, "भैया, थोडा और गोरा करो."

मी बाबांकडे बघितलं. बाबा कामगार संघटनेतले. शाळेत असताना मी त्यांच्यासोबत नवघरच्या नाक्यावर पत्रकं वाटायचे. छापण्याआधी ते प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत. जी ओळ नाक्यावर उभं राहून बोलता येणार नाही, ती खोडत. हुंड्याविरुद्धचं पत्रक मला अजून पाठ आहे. आज मात्र ते भिंतीवरचे नवरा-नवरींचे फोटो बघत बसले होते.

"बाबा, हा फोटो नाक्यावर वाटाल?" माझा आवाज चढला. "कोणी विचारलं, ही मुलगी कुठेय, तर कोणाला उभं कराल?"

"नकार आले की पत्रकंच नांदवतील हिला," आई म्हणाली.

बाबा उठले. स्क्रीनसमोर गेले. मग म्हणाले, "भाई, पहलेवाला ही रखो."

घरापर्यंत आई आमच्या पुढे चालत राहिली. संध्याकाळी बायोडेटा ग्रुपवर टाकायला तिने आपला फोन दिला नाही. बाबांनी स्वतःच्या फोनवरून टाकला. त्याआधी चष्मा लावून बायोडेटाची प्रत्येक ओळ त्यांनी मोठ्याने वाचली, 'वर्ण सावळा' हीसुद्धा.