बाटलीमावशींचा खुलासा

मी त्यांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते आमच्या शाळेच्या प्रयोगशाळेत. पाठमोऱ्या उभ्या राहून त्या परीक्षानळ्या धूत होत्या आणि समोरच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या अक्षर अक्षर लावून वाचत होत्या. एका लांबलचक नावापाशी अडल्या आणि बाटलीलाच म्हणाल्या, "तुझ्या आईबापाला दुसरं नाव सुचलं नाही का गं?"

मुलं त्यांना बाटलीमावशी म्हणत. त्यांची शाळा चौथीतच सुटली होती, म्हणून मधल्या सुट्टीत त्या माझ्याकडे लिहायला बसू लागल्या. मी भाषा शिकवायचे. हातात लाल पेन आलं की मला समोरचं माणूस दिसेनासं व्हायचं.

सात वर्षं मावशी हंगामी होत्या. त्या वर्षी त्यांचा कायम होण्याचा कागद निघणार होता. तेवढ्यात फळी पुसताना सूक्ष्मदर्शक खाली आला. शाळेतला एकुलता एक, तळहाताच्या फोडासारखा जपलेला. मुख्याध्यापकांनी लेखी खुलासा मागितला.

मावशींनी तो आधी मला दाखवला. 'मी फळी पुसताना सूक्ष्मदर्शक पडला,' असं लिहिलं होतं.

"मावशी, सुरुवात 'मी'ने केलीत ना? मग पुढे क्रियापद सकर्मक हवं. 'मी सूक्ष्मदर्शक पाडला.'"

"पण बाई, तो आपला आपणच पडला. फळीच कलली."

"ते झालं हो. मी वाक्याबद्दल बोलतेय." मी 'पडला' खोडून वर लाल पेनाने 'पाडला' लिहिलं.

मावशी हसल्या. "तुमचं व्याकरण म्हणजे सासूबाईच की! केलं नसलं तरी कबूल करवून घेणार."

मग त्यांनी तो कागद पुन्हा सुवाच्य अक्षरात उतरवला आणि खाली सही केली. मी 'छान' म्हणाले.

चौकशी पाच मिनिटांत आटोपली. कबुलीच हातात असल्यावर फळी कोण बघतो? कायम होणं राहिलंच. महिनाअखेरीस 'उद्यापासून येऊ नका' असं सांगण्यात आलं.

मी फळी पाहायला गेले ती त्यानंतर. एका बाजूचा स्क्रूच नव्हता. तशीच मुख्याध्यापकांकडे गेले.

"बाई, सही त्यांची आहे," ते म्हणाले. "मिटलेलं कशाला उकरता?"

'पाडला' हा शब्द माझा आहे, एवढंच सांगायचं होतं. ते सांगितलं असतं तर कागद पुन्हा उघडला असता. मी म्हणाले, "अक्षर मात्र सुधारलंय त्यांचं," आणि बाहेर आले.

खरं तर त्यांचं मूळ वाक्य चालण्यासारखं होतं. बोलताना मीही तसंच बोलते.

मी निवृत्त झाल्यावर एकदा त्यांच्या घरी गेले आणि सगळं सांगून टाकलं. मावशी भांडी पुसत होत्या. पुसता पुसता म्हणाल्या, "अहो, खोटं लिहिलं जातंय हे मला तेव्हाच कळत होतं. पण बाईंनी लाल पेनाने लिहिलेलं मी खोडायचं कसं?"

मग त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला.

हल्ली त्या एका दवाखान्याच्या रक्ततपासणीच्या खोलीत सकाळच्या पाळीला काचसामान धुतात. तिथे त्यांना अकरा वर्षं झाली. अजून हंगामीच आहेत.