पूलवाल्या रेन्स्केची गोळी

रेन्स्के हूकमा आमच्या गावातला पूल उचलायची. शिडाची बोट आली की लाल दिवा लावायचा, दोन्ही फाटकं खाली घ्यायची, रस्ता मोकळा आहे ना ते बघायचं आणि मग पूल वर. एप्रिल ते ऑक्टोबर, सलग बावीस वर्षं. नेदरलँड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या अर्ध्याअधिक बोटवाल्यांना ती नावानं ओळखायची, आणि जे घाईत भोंगा वाजवायचे त्यांना जरा जास्तच वेळ थांबवायची.

मी पुलाजवळच्याच औषधांच्या दुकानात काउंटरला असते. चौदा वर्षांपूर्वी गाठीमुळे रेन्स्केची थायरॉईड ग्रंथी काढून टाकली, तेव्हापासून दर तीन महिन्यांनी ती माझ्याकडे गोळ्या न्यायला यायची. गोळीचा नेमका डोस बसायला त्या वेळी दोन वर्षं लागली होती. त्या दोन वर्षांबद्दल ती फारसं बोलायची नाही. एकदाच म्हणाली होती, "आन्के, मी दात घासता घासता रडायचे. का ते माहीत नसायचं." डोस बसला आणि बाई पुन्हा माणसात आली. पहाटे साडेपाचला गोळी, अर्धा तास काही नाही, मग कॉफी आणि राय धान्याच्या पावावर चीज. यात कधी फरक पडला नाही.

त्या जानेवारीत तिच्या गोळ्यांच्या कंपनीनं कळवलं की कारखाना दुसरीकडे हलवतायत. वर्षभर तरी त्या नावाच्या गोळ्या मिळणार नाहीत. रेन्स्के आली तेव्हा मी दुसऱ्या कंपनीची डबी पुढे केली.

"ही कुणाची?"

"औषध तेच आहे गं. डबी तेवढी वेगळी."

हे वाक्य मी त्या आठवड्यात चाळीस जणांना तरी म्हटलं असेन. मागे रांग होती. तिनं डबी उलटसुलट करून पाहिली, पर्समध्ये टाकली आणि गेली. सहा आठवड्यांनी रक्त तपासून घ्या, हे मी पाकिटावर लिहून दिलं होतं.

मार्चमध्ये ती लोकरीची टोपी घालून दुकानात आली. आत हीटर चालू होता, मी अर्ध्या बाह्यांत होते.

"माझ्या जुन्या गोळ्यांची एखादी डबी मागे राहिलीय का? खरं सांग."

"खरंच नाही, रेन्स्के. तपासणी केलीस का?"

"केली. डॉक्टरीणबाई म्हणतात सगळं मर्यादेत आहे. मर्यादेत आहे तर मग मी दुपारी दोनला का झोपते? श्यूर्ट म्हणतो माझं वय झालं." श्यूर्ट म्हणजे तिचा नवरा, निवृत्त बोट-रंगारी. "मी म्हटलं, वय काय एका रात्रीत होतं होय रे?"

मी हसले. ती हसली नाही.

नंतर कळलं की तपासणीच्या आधीच तिनं एकोणीस दुकानांना फोन केले होते. बोल्सवर्डला एका दुकानात शेवटची एक डबी मिळाली, तर समोरून वारा असताना सायकल हाणत जाऊन ती आणली. आता ती डबी पुरवायची म्हणून एक दिवस जुनी गोळी, एक दिवस नवी, कधी दोन्हींची अर्धी अर्धी. हे तिनं ना डॉक्टरना सांगितलं, ना मला, ना श्यूर्टला. मनातून तिला माहीत असणार, की आम्ही ओरडू.

मे महिन्यात, ख्रिस्ताच्या स्वर्गारोहणाच्या सुट्टीला, कालव्यावर बोटींची रीघ लागली होती. रेन्स्केनं दिवा लाल केला, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं आणि फाटक खाली सोडलं. त्याच वेळी एक बाई पुढे खोका जोडलेली सायकल घेऊन दिव्याकडे न बघता पुलाकडे येत होती. खोक्यात तिची मुलगी बसली होती. फाटकाची दांडी खोक्याच्या कडेला घासत खाली आली. पोरीला ओरखडासुद्धा उठला नाही. ती बाई रेन्स्केचीच माफी मागत राहिली, "माझंच चुकलं, दिवा लाल होता."

पण रेन्स्केनं त्याच दुपारी आपल्या वरिष्ठांना फोन लावला. "दिवा लाल होता, तरी बघायचं काम माझं. मी दोनदा पाहिलं आणि ती मला दिसली नाही. मला पुलावरून काढा, बरी होईपर्यंत." हे तिला कुणी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती आमच्या दुकानात आली, ग्राहकांसाठी ठेवलेल्या खुर्चीत बसली आणि सगळं सांगितलं. बोल्सवर्डची डबी, अर्ध्या अर्ध्या गोळ्या, सगळं. मी ओरडले नाही. मला चाळीस वेळा म्हटलेलं ते माझं वाक्य आठवत होतं.

"अगं, मग तुझ्या तपासणीला काय अर्थ राहिला?" मी म्हटलं. "कुठल्या गोळीचं रक्त तपासलं त्यांनी?"

"माझंच की. भीती वाटली मला, आन्के. ती दोन वर्षं परत आली तर, अशी."

"जुने रिपोर्ट आहेत तुझ्याकडे? चांगली होतीस तेव्हाचे?"

ते श्यूर्टकडे होते. हा माणूस बोटीच्या रंगाची पावतीसुद्धा टाकत नाही. चौदा वर्षांचे कागद तारखेप्रमाणे लावून तो बायकोबरोबर दवाखान्यात गेला. डॉक्टर ब्रान्डस्मा वयानं लहान, पण ऐकून घेणारी बाई. तिनं आकडे शेजारी शेजारी ठेवले. बरी असताना रेन्स्केचा टीएसएच, म्हणजे गोळी कमी पडली की वाढणारा आकडा, नेहमी एकच्या आसपास असायचा. आता जवळजवळ चारवर होता. मर्यादेत, पण तिच्यासाठी जास्त.

"हे मी आधीच बघायला हवं होतं," डॉक्टर म्हणाली. "आणि तुम्ही मला ते अर्ध्या गोळ्यांचं सांगायला हवं होतं."

"म्हणजे फिटंफाट," रेन्स्के म्हणाली. श्यूर्ट सांगतो, पुष्कळ दिवसांत तिचा तो पहिला विनोद.

ठरलं असं की जुनी गोळी पूर्ण बंद. नवीच, रोज, थोड्या वाढीव डोसनं, आणि सहा आठवडे थांबायचं. हे थांबणं तिला फार जड गेलं. पुलावर दुसरा माणूस होता, आणि तो फाटकं फार लवकर सोडतो असं तिचं म्हणणं. ती स्वयंपाकघराच्या खिडकीशी दोन पांघरुणं घेऊन बसायची. काही दिवस बरे जायचे, मग एखाद्या दिवशी उठून कपडे घालणंही व्हायचं नाही. श्यूर्ट कडाक्याच्या थंडीत करतात ते वाटाण्याचं सूप करायचा, तेही जून महिन्यात, कारण त्याला तेवढं एकच येतं. ती निमूट प्यायची. सहा आठवड्यांनी आकडा खाली आला, पण पुरेसा नाही. डोस आणखी जरासा वाढला. पुन्हा सहा आठवडे.

ऑगस्टच्या शेवटी एका सकाळी ती दुकानाच्या दारातून नुसतं डोकं आत घालून म्हणाली, "काल मी पडदे धुतले," आणि निघून गेली. मी समजले. सप्टेंबरात ती पुलावर परतली.

पुढच्या वसंतात जुन्या कंपनीची डबी पुन्हा बाजारात आली. पहिला गठ्ठा फोडल्याबरोबर मी तिच्यासाठी एक बाजूला ठेवली आणि तिला बोलावलं. तिनं डबी हातात घेतली, बराच वेळ धरून ठेवली.

"हवी असेल तर डॉक्टरशी बोलून बदलता येईल," मी म्हटलं. "पण पुन्हा तपासण्या, पुन्हा थांबणं."

"नको," ती म्हणाली. "हिच्या मागे मी एक उन्हाळा घालवला. दुसरा नाही घालवायचा." डबी तिनं काउंटरवर ठेवली. मग म्हणाली, "पण बरं वाटलं बघून."

आता कुणाची गोळी बदलली की मी रांग असली तरी थांबते. औषध तेच आहे, असं सांगते, पण अंगाला फरक जाणवू शकतो, जाणवला तर लगेच या, स्वतः काही जुळवाजुळव करू नका, हेही सांगते. एकदोघं वैतागतात. काही बायकांना मी पुलावर रेन्स्केकडे पाठवते. मागच्या मंगळवारी शाळेतल्या निवृत्त बाई पुलावरच्या तिच्या छोट्या खोलीत बसून रडत होत्या, त्यांची गोळी नुकतीच बदलली होती. खाली एक बोटवाला भोंगा वाजवत होता. रेन्स्केनं खिडकी उघडली.

"थांब रे जरा! दिसत नाही, माणसं बोलतायत?"