ठेवायचा राहिलेला तुकडा

मला थांबता येत नाही. चहाला उकळी फुटायच्या आत मी गॅस बंद करते. आई म्हणायची, "उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. आमच्याकडे तो मुलगी होऊन आला!"

दोन हजार दहानंतरची ती वर्षं. मी पनवेलच्या एका कॉलेजात शिकवत होते आणि बुरशांवर पीएचडी करत होते. बाजारात शिरढोणकडची एक मावशी श्रावणात अळंबी विकायला बसायची. एके दिवशी तिने माझ्यासाठी पानात गुंडाळून एकच अळंबी आणली, निळसर देठाची.

"ही आमी खात नाय. हिला नाव बी नाय. तुला पायजे तर ने, बाय."

"नवी निघाली तर तुमच्या गावाचं नाव देईन हिला," मी ऐटीत सांगून टाकलं.

पुस्तकांतल्या एकाही वर्णनाशी ती जुळेना. मग उरला डीएनए. तुकडा खलात कुटायचा, डीएनए वेगळा करायचा, त्याचा क्रम बाहेरच्या लॅबकडून वाचून घ्यायचा आणि जगभरच्या बुरशांच्या क्रमांशी ताडून बघायचा. माझ्या गाईड सरांनी बजावलं होतं, "अर्धी वाळवून पाकिटात ठेव. नवी जात जाहीर करायची तर नमुना संग्रहात जमा करावा लागतो. नुसत्या क्रमाला नाव मिळत नाही." मी मान डोलावली.

पहिल्या तुकड्यातून काहीच निघालं नाही. दुसऱ्यातून निघाली ती अळंबीवर चढलेली हिरवी बुरशी, कारण मी घाईत वरचा थर न खरवडताच तुकडा कुटला होता. सर आठवडाभर गावाला गेले होते. कळंबोलीच्या घरात मी येरझाऱ्या घालत होते, खाली ट्रकांत लोखंडी पत्रे आदळत होते, आणि प्रत्येक आवाजाला वाटत होतं, दुसरं कोणीतरी आपल्याआधी हिला नाव देऊन मोकळं होईल. शेवटी लॅबमध्ये जाऊन पाकीट उघडलं. चिमूटभरच घेणार होते. पण तेवढ्याने पुन्हा फसलं तर? सगळीच कुटली, देठासकट.

पुढचे दिवस मी वर्गात शिकवता शिकवता मेल उघडून बघायचे. निकाल आला. क्रम स्वच्छ होता आणि जगातल्या कुठल्याच नोंदीशी धड जुळत नव्हता. मी अक्षरशः उड्या मारल्या आणि सरांना फोन लावला.

"छान! नमुना आहे ना?"

"नाही, सर. सगळीच कुटली." ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं. ते एवढंच म्हणाले, "पुन्हा मिळव."

पुढच्या श्रावणात मावशीच्या मागे मागे, ती अळंबी ज्या वारुळावर उगवली होती त्याच्या जागेपर्यंत गेले. वारूळ नव्हतं. कुणीतरी प्लॉटसाठी भराव टाकला होता आणि रोलर फिरवून जमीन सपाट केली होती. मी तरीही चिखलात बसून हातांनी माती उकरत राहिले. मला माझीच चीड येत होती.

"मंग मागच्या टायमाला नेलीस ती?" मावशीने विचारलं. "नाव ठेवलंस का नाय?"

"नाही ठेवता आलं. ती उरलीच नाही, मावशी."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि तोंडाला पदर लावून हसली.

"अगो, सांगितलं व्हतं ना, ती खायाची नाय! खाल्लीस व्हय सगली?"

मी हो म्हणाले.