बसची पहिली पायरी

वस्तूंशी माझं कधी फारसं पटलं नाही. नांदेडला आयटीआयमध्ये पोरांना ड्रॉइंग शिकवण्यात हयात गेली, त्यामुळे कुठलीही वस्तू हातात आली की आधी तिची खोड दिसते. चहा कपात कमी आणि ओट्यावर जास्त ओतणारी किटली, बोटं चिमटणारी बादलीची कडी, दात लावल्याशिवाय न उघडणारं औषधाचं झाकण. ‘ज्यानं हे केलं त्यानं कधी वापरून बघितलं असेल का?’ असं मी घरात इतक्यांदा म्हणालोय, की हल्ली मी तोंड उघडायच्या आत बायकोच ते वाक्य म्हणून टाकते. इतका शहाणा माणूस स्वतःच्या आईसाठी एक वस्तू करायला गेला आणि तोंडघशी पडला, त्याची ही हकिगत.

आई गावी राहते. नांदेडहून बिलोलीला जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव आहे आणि आईची थोरली बहीण बिलोलीला असते. दर मंगळवारी सकाळच्या बसनं जायचं, दिवसभर बहिणीपाशी बसायचं आणि संध्याकाळी परत यायचं, हा आईचा वर्षानुवर्षांचा नेम. मागच्या वर्षी तिचे गुडघे गेले. चालायची, पण बसची पहिली पायरी काही केल्या चढता येईना. मग खालून कुणीतरी ढकलायचं, वरून कुणीतरी बखोटीला धरून ओढायचं. एकदा या ओढाताणीत तिचा पदर डोक्यावरून पार खाली आला, बसमधली माणसं हसली आणि त्या दिवसापासून आईनं बिलोलीला जाणंच सोडलं.

मी जीप ठरवून देतो म्हणालो, तर म्हणाली, ‘‘बहिनीकडं जायाला गाडी करून? मी काय पाव्हनी हाय का?’’ दोन-तीन महिने असेच गेले. मग मावशीच्या मुलाचा फोन आला. मावशीला विसर पडायला लागला होता. नातवंडांना ओळखत नव्हती, सुनेला ‘तुम्ही कोण’ विचारायची. आईचं नाव मात्र अजून घेत होती, रोज विचारत होती. ‘अजून ओळखतेय तोवर येऊन जा’ एवढंच तो म्हणाला. आईला सांगितलं तेव्हा ती तूर निवडत होती. सूप तिनं तसंच खाली ठेवलं.

मग मी कंबर कसली. नांदेडच्या बसस्थानकात उभ्या गाडीला टेप लावून पायरीची उंची मोजली. एका कंडक्टरनं संशयानं विचारलंसुद्धा, की साहेब, तुम्ही कुठल्या खात्याचे? घरी येऊन कागदावर बरोबर निम्मी उंची काढली आणि वर्कशॉपमध्ये सागवानी फळीचा, चार पायांचा, पॉलिश केलेला ठोकळा केला. त्याला दोरी बांधली. आईनं तो खाली ठेवायचा, त्यावरून बसमध्ये चढायचं, मग दोरीनं वर ओढून घ्यायचा. इतकं सोपं. मी स्वतःवर फार खूश होतो.

आईनंही तो हातात घेऊन उलटासुलटा करून पाहिला. म्हणाली, पाट लई चांगला झालाय. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

मंगळवारी थांब्यावर बस आली. मी ठोकळा पायरीखाली ठेवला आणि म्हटलं, चल. आईनं खाली पाहिलं. वाकून त्या फळीला हात लावला, हात कपाळाला नेला आणि मागं सरकून उभी राहिली. कंडक्टरनं वाट पाहिली, बेल मारली, बस गेली.

‘‘पाटावर पाय कसा देऊ?’’ ती म्हणाली. ‘‘मानसं जेवायला बसत्यात त्याच्यावर.’’

मी भडकलो. ही लाकडाची फळी आहे, हिच्यावर कुणी जेवायला बसलेलं नाही, बसणारही नाही, वगैरे सगळं बोललो. शेवटी ‘मग बस घरीच’ असंही बोलून गेलो. त्याची मला आजही लाज वाटते. ती तो पाट काखेत घेऊन घराकडं निघाली आणि मी मागून चाललो.

त्याच दुपारी गावातला सुतार आमच्या दाराची चौकट बघायला आला. माझ्याच वयाचा, शाळा चौथीत सोडलेला. आधी बैलगाड्या करायचा, आता दारं-खिडक्या करतो. त्यानं पाट पाहिला, सगळी कथा ऐकली आणि गालातल्या गालात हसला. मला वाटलं आता तो फळीची जात काढणार. त्यानं विचारलं भलतंच.

‘‘सर, काकू चढताना तुमी कदी बगितलं का?’’

नव्हतं बघितलं. मी बस मोजली होती, आईला पाहिलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो काम सोडून आईबरोबर थांब्यावर येऊन बसला. बस आली की आईनं चढायचा प्रयत्न करायचा आणि यानं बिडी ओढत नुसतं बघायचं. तीन बस गेल्या. मग त्यानं मला एकेक दाखवलं. बस थांबते तिथं डांबराच्या कडेला जमीन खचलेली आहे, म्हणून पायरी बसस्थानकापेक्षा चांगली वीतभर उंच पडते. काकू डावा पाय आधी उचलतात. दांडा धरायचा हात पिशवीत अडकलेला असतो, त्यात ही दोरी कशानं धरतील? आणि शेवटी म्हणाला, ते पाटासारखं दिसलं की पाय उचलणारच नाही, दिसायलाच वेगळं पाहिजे.

दोन दिवसांनी त्यानं आणलेली वस्तू माझ्या विद्यार्थ्यानं केली असती तर मी त्याला नापास केलं असतं. जुन्या खोक्याच्या जाड फळ्या, फेंगडे पाय, वर ट्रॅक्टरच्या झिजलेल्या टायरचा तुकडा ठोकलेला. दोरीच्या टोकाला मनगटात अडकेल असा फास. पिशवीलाही लांब बंद शिवून आणला होता, खांद्यावर घ्यायला. आईच्या हातात देण्याआधी त्यानं ती वस्तू अंगणात ठेवली, चिखलाच्या चपलांसकट वर उभा राहिला आणि दोन-चार उड्या मारल्या. ती मोडत नाही हे मला दाखवतोय असं मला वाटलं. आईकडं पाहिलं तेव्हा कळलं, की त्या उड्या तिच्यासाठी होत्या. तिनं पदर खोचला आणि त्याच्या मागोमाग त्या टायरवर पाय ठेवला.

त्या माणसाचे उपकार मी कसे फेडू, मला कळत नाही. आता वर्गात नव्या पोरांच्या हातात पट्टी देण्याआधी मी त्यांना दिवसभर नुसतं बघायला पाठवतो. पाणी भरणारी बाई बघा, गाडा ढकलणारा बघा. पोरं कंटाळतात. कंटाळू देत.

पुढच्या मंगळवारी मी रजा टाकून गेलो. बस थांबली. आईनं वस्तू खाली सोडली, दांडा धरला, डावा पाय, मग उजवा, आणि आत. मनगटाला हिसका दिला तशी ती वस्तूही मागोमाग वर गेली. माझी मदत लागलीच नाही. काचेतून हात करायचंही तिला सुचलं नाही, ती जागा शोधत होती.

संध्याकाळी थांब्यावर मी तासभर आधीच जाऊन बसलो. ती उतरली, स्वतःच. मला टायर घसरला का, फास टोचला का, उंची बरोबर आहे का, सगळं विचारायचं होतं. त्यातलं तिनं एक अक्षर काढलं नाही. मावशीनं भाकरी किती खाल्ली, केस किती पिकलेत, हेच सांगत चालली. शेवटी न राहवून मी विचारलं, ओळखलं का तिनं तुला?

आई थांबली.

‘‘वळखलं. हात धरून इचारलं, गुडगे गेलेत म्हनत्यात तुजे, मग बशीत कुनी चढवलं? मी म्हनले, कुनी न्हाई अक्का. माजी मी चढले.’’