दोरा ओवलेले बोळे

आमच्या टॉवेलच्या कारखान्यात मी कांड्या भरते. मागावर आडवा दोरा नेणाऱ्या धोट्यात जी लहान कांडी बसते, तिच्यावर यंत्रानं सूत गुंडाळायचं, हे माझं काम. खरं तर कांड्यांची यंत्रं वेगळ्या खोलीत असायला हवीत, पण आमच्याकडे ती मागांच्या शेडमध्येच, भिंतीकडेला आहेत. सगळे माग एकदम चालू असले की बोलून उपयोग नसतो. म्हणून तिथे कुणी आवाज काढत नाही. नुसते ओठ हलवायचे, समोरच्याचे ओठ बघायचे. डोक्यावर हात ठेवला की मालक आले, मूठ तोंडाशी नेली की चहा आला. नवीन बाई दोन-तीन महिन्यांत शिकते. मी एकवीस वर्षांपूर्वी शिकले.

कानात घालायचे फोमचे बोळे आमच्याकडे पहिल्यांदा आले ते परदेशी गिऱ्हाइकाची माणसं कारखाना बघायला येणार होती तेव्हा. जॉबरनं, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्या आमच्या मिस्त्रीनं, प्रत्येकीच्या हातावर एकेक जोडी ठेवली. केशरी, करंगळीच्या पेराएवढे. "पाव्हणे जाईपर्यंत घाला," एवढंच म्हणाला. पाहुणे गेले आणि बहुतेकींनी बोळे खिडकीतून बाहेर टाकले. मी टाकले नाहीत. त्या दिवशी घरी गेल्यावर डोक्यात रोजची घणघण नव्हती, हे माझ्या लक्षात आलं होतं. शेजारच्या यंत्रावरच्या अक्कालाही मी टाकू दिले नाहीत. अक्का तेलुगू घरातली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, आणि सगळी शेड तिला अक्काच म्हणते. आणखी तिघींना मी हेच पटवलं. पाच जोड्या झाल्या.

आता त्या टिकवायच्या कशा? एकदा वापरून फेकणं मला जमत नाही. माझं माहेर सोलापूरजवळच्या वळसंगचं, तिथे गोणपाटाचा दोरासुद्धा उसवून गुंडाळून ठेवायचे. मी दर शनिवारी पाची जोड्या घरी आणायची. कढत पाण्यात कपड्यांची पावडर टाकून भिजवायची, चोळायची, घट्ट पिळायची आणि गच्चीवरच्या पत्र्यावर वाळत घालायची. सोलापूरच्या उन्हात अर्ध्या तासात खडखडीत. हरवू नयेत म्हणून मी प्रत्येक बोळ्यातून सुईनं दोरा ओवला आणि दोन्ही बोळे जोडून टाकले. अक्काचा हिरवा, माझा निळा, बाकीच्यांचे पांढरा, पिवळा, लाल. गळ्यात माळेसारखे अडकवता यायचे. सगळ्यांना फार आवडलं.

"डोकं आहे हां हिला," अक्का नुसत्या ओठांनी म्हणाली होती. मी ते ओठांवरून वाचलं होतं.

घाईच्या आठवड्यात बोळे ओलेच राहिले तर मी ते कुंकवाच्या रिकाम्या डबीत घालून झाकण लावायची. आणि रविवारी न्हाण्याआधी कानात दोन थेंब कोमट खोबरेल, हे लहानपणापासूनचं. सोमवारी त्याच तेलकट कानात बोळे. दोन वर्षं मी हे असं करत होते आणि कान जपते आहे असं मला वाटत होतं.

माझी मुलगी कारखान्याच्या फाटकाशी मला गाडीवर घ्यायला येते. सोलापुरात गाडीवरच्या मुली तोंडाला स्कार्फ बांधतात, फक्त डोळे दिसतात. मागे बसल्यावर ती काय बोलते ते मला कळत नसे, पण ते वाऱ्यामुळे, असं मी धरून चालले होते. एक दिवस घराच्या दारात गाडी उभी केल्यावर ती माझ्याकडे तोंड करून काहीतरी म्हणाली. वारा नव्हता. इंजिन बंद होतं.

"काय?" मी म्हटलं.

ती परत बोलली. आवाज आला, शब्द आले नाहीत. पाटीवरची अक्षरं ओल्या हातानं पुसावीत तसे पुसलेले. "नीट बोल की," मी चिडले. तिसऱ्यांदाही तेच. मग तिनं स्कार्फ खाली ओढला.

"किल्ली तुझ्याकडे आहे का, एवढंच विचारतेय!"

या वेळी प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. मी किल्ली दिली. ती दार उघडेना. माझ्याकडे बघत उभी राहिली.

"आई, मी परत स्कार्फ वर घेते. मी काय म्हणते सांग."

"हे काय खेळ लावलेस?"

"सांग ना."

तिनं नाकापर्यंत कापड ओढलं. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. डोळ्यांवरून काही वाचता येत नाही. तिनं कापड खाली घेतलं तेव्हा तिचा चेहरा उतरला होता.

"तू ऐकत नाहीस. तू ओठ बघतेस."

मी म्हटलं, भाकऱ्या व्हायच्या आहेत, बाजूला हो. परातीत पीठ घेतलं, पाणी घातलं, मळायला लागले, पण बोटं कुणा दुसऱ्याची असल्यासारखी चालत होती. ती माझ्या पाठीमागे उभी राहून काहीतरी बोलली, मुद्दामच. मी वळले नाही. वळले असते तर विचारावं लागलं असतं. तव्यावर भाकरी टाकली आणि लक्षात आलं की पीठ थापल्याचा आवाज येतो, पण भाकरीच्या कडेला पाणी फिरवल्यावर जो बारीक चर्र आवाज यायचा, तो नाही. कधीपासून नाही, तेही आठवेना. ही भीती मला आजवर माहीत नव्हती. एखादी वस्तू हरवली तर निदान शेवटी कुठे ठेवली ते तरी आठवतं.

मुलीनं लगेच दुसऱ्या दिवसाची कान-नाक-घशाच्या डॉक्टरांची वेळ घेतली. रात्रभर मी उजव्या कुशीवर, मग डाव्या कुशीवर होऊन भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक शोधली. कोणत्याच कुशीवर सापडली नाही.

दवाखान्यात एका लहान खोलीत बसवलं. दाराला काचेची खिडकी, पलीकडे चाचणी घेणाऱ्या बाई त्यांच्या यंत्राशी. भिंतींना जाड फोम लावलेला, माझ्या बोळ्यांच्याच जातीचा. बाईंनी माझ्या कानांवर हेडफोन चढवला आणि हातात एक बटण दिलं.

"मावशी, शिट्टी ऐकू आली की दाबायचं. अगदी बारीक आली तरी दाबायचं. घाबरू नका."

दार बंद झालं. सुरुवातीच्या शिट्ट्या जाड होत्या, ऐकू आल्या, मी दाबलं. मग त्या बारीक होत गेल्या. मग काहीच नाही. मी काचेतून बाईंकडे बघत होते. त्यांचा उजवा खांदा किंचित खाली जायचा आणि लगेच पापण्या उचलून त्या माझ्याकडे बघायच्या. खांदा गेला की मी बटण दाबायची. खांदा, बटण. खांदा, बटण. बाई खूश दिसत होत्या. काचेपलीकडून त्यांचे ओठ म्हणाले, "छान, मावशी."

ते "छान" मी ओठांवरून वाचलं आणि बटणावरचा अंगठा थांबला. मागच्या कितीतरी शिट्ट्या मी ऐकल्याच नव्हत्या. मी बाईंचा खांदा ऐकत होते. शेडमध्ये एकवीस वर्षं जे केलं तेच इथे, या बंद पेटीतही, न ठरवता केलं होतं. तशीच बसून राहिले असते तर कान उत्तम असल्याचा कागद घेऊन घरी गेले असते. क्षणभर तेही बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. कागदावर चांगलं लिहिलेलं असलं की मुलगी गप्प बसली असती.

मी काचेवर टकटक केली. बाईंनी दार उघडलं.

"बाई, माझी खुर्ची फिरवा."

"का? उजेड येतोय का तोंडावर?"

"तुमचा खांदा दिसतो. मी त्यावरून दाबतेय. परत घ्या सगळी."

त्या हसायला गेल्या आणि थांबल्या. "मावशी, कुठं काम करता तुम्ही?"

"कांड्या भरते. मागाच्या शेडमध्ये."

त्यांनी खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि दार लावलं. आता समोर फक्त फोम. मी बटणावर अंगठा ठेवून बसले. एक जाड शिट्टी, दाबलं. आणखी एक, दाबलं. मग शांतता. ही शांतता म्हणजे बाईंनी अजून काही वाजवलं नाही, की वाजवलं आणि माझ्यापर्यंत पोचलं नाही? कळायला मार्ग नव्हता. अंगठा घामानं निसटायला लागला. दाबावंसं वाटायचं, उगाच, काहीतरी ऐकू आल्यासारखं. कानात फक्त माझंच रक्त धपधप करत होतं. आवाज नसण्याला माणूस एवढं भिऊ शकतं, हे आमच्या शेडमध्ये कुणी मानलं नसतं.

डॉक्टरांनी आलेखाचा कागद समोर ठेवला. दोन रेघा सरळ निघायच्या आणि मग जिना उतरावा तशा खाली. जाड आवाज शाबूत, बारीक गेलेले. उजव्या कानात वेगळीच भर होती: ओलाव्यानं बुरशी. ती त्यांनी नळीनं ओढून काढली, थेंब लिहून दिले.

"ही बुरशी जाईल. रेघांचा हा उतार मात्र भरून येणार नाही. कानात काही घालता का कामावर?"

मी पिशवीतून कुंकवाची डबी काढली. डॉक्टरांनी निळ्या दोऱ्याचे बोळे बाहेर घेतले, एक चिमटीत दाबून वळला आणि टेबलावर ठेवला. तो वळलेलाच राहिला. मग त्यांनी खणातून नवा बोळा काढून तसाच वळला आणि त्याच्याशेजारी ठेवला. नवा सावकाश फुगत पहिल्यासारखा झाला. माझा तिथेच, सुकलेल्या वांग्याच्या फोडीसारखा.

"हा कानात फुगतच नाही. आवाज बाजूनं सरळ आत. आणि वर सुईचं भोक. हे कुणी केलं?"

"मीच."

"आणखी कुणाला करून दिलेत?"

मी मुलीकडे बघितलं. तिनं मान खाली घातली. "चौघींना," मी म्हटलं. डॉक्टर रागावले असते तर बरं झालं असतं. ते फक्त समजावत राहिले. पाकिटावर एकदाच वापरा असं लिहिलेलं असतं, ते पाळणं उत्तम. अगदी परत वापरायचेच तर कोमट पाणी, साधा साबण, हलक्या हातानं. चोळायचं नाही, पिळायचं नाही, टॉवेलात दाबून पाणी टिपायचं, सावलीत पूर्ण वाळवायचे. ओले कधीच बंद डबीत नाहीत. तेलाच्या कानात नाहीत. आणि घालण्याआधी दर वेळी वळून बघायचं. सावकाश फुगला तर घाला, नाही फुगला किंवा फाटला तर टाका. दोन वर्षं मी यातलं एकेक उलटं केलं होतं, मोठ्या निगुतीनं.

सोमवारी मी मुलीनं आणलेलं नवं पाकीट घेऊन कारखान्यात गेले. जॉबर म्हणाला, "आता कुठलं गिऱ्हाईक यायलंय?" मी म्हटलं, "कुणी नाही. सरक." जेवणाच्या सुट्टीत माग थांबले. मी तिघींकडचे बोळे मागून घेतले, वळून दाखवले, काय झालं ते सांगितलं. एकीनं लगेच कानाला हात लावला. दुसरी म्हणाली, "अगं बाई, आणि मी तुला दुवा देत होते!"

अक्का यंत्रामागे पाठ करून डबा सोडत होती. मी तिच्या मागे चार पावलांवर थांबले. माग बंद होते, शेडमध्ये फक्त वरचा पंखा फिरत होता.

"अक्का," मी म्हटलं.

ती चपाती मोडत राहिली.

"अक्का!"

तिघी वळल्या. अक्का वळली नाही. मी पुढे जाऊन तिच्यासमोर बसले तशी ती नेहमीसारखी हसली. "काय गं, आज उशीर? बस, लोणचं घे."

"अक्का, कधीपासून?"

"काय कधीपासून?"

मी माझ्या कानाकडे बोट केलं. तिनं आधी जॉबर कुठे आहे ते बघितलं. मग ओठ हलवले, आवाज न काढता. "लई वर्सं झाली. सांगू नको की कुणाला. कामावरून काढतील."

"मग बोळे कशाला घालत होतीस?"

"तू एवढं धुवून, दोरा घालून आणायचीस. नको कसं म्हणायचं?"

माझ्या यंत्रापासून तिचं यंत्र हातभर अंतरावर आहे. इतकी वर्षं आम्ही रोज बोललो आणि मला कळलं नाही, कारण मीही ऐकत नव्हते. अक्कानं लोणच्याची फोड माझ्या हातावर ठेवली. तिच्या चेहऱ्यात मला दहा वर्षांनंतरची मी दिसत होते, आणि ती मजेत जेवत होती.

हिरवा दोरा मी तिच्या गळ्यातून काढून घेतला आणि तिला नवी जोडी दिली. नको म्हणाली. उरलंसुरलं काही असेल, म्हणून मी तिच्या कानाचा वरचा भाग ओढून स्वतः घातले आणि फुगेपर्यंत बोटानं धरून ठेवले.

आता रविवारी कानात तेल नसतं. बोळे सावलीत, टॉवेलावर वाळतात. दुपारी मी स्वयंपाकघरात भिंतीकडे तोंड करून स्टुलावर बसते आणि मुलगी मागे दारात उभी राहून घरातल्या वस्तूंची नावं घेते, कधी मोठ्यानं, कधी हळू. मी ती परत म्हणायची. झारा. चाळणी. परात. मागच्या रविवारी दहातली सात जमली, त्याच्या आधीही सात. आवाज येईनासा झाला की ती थांबली आहे की हळू बोलते आहे ते कळत नाही, तरी मी विचारत नाही, संपलं का. भिंतीकडे बघत, हात मांडीवर ठेवून, बसून राहते.